हडळ काय बोलत होती

दुपारी दोन ते सात भुतांचे सिनेमे बघायचे, हे माझं काम होतं आणि त्याचा मला पगार मिळायचा. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईला वाटलं, मला कुणीतरी फसवतंय. "पिच्चर बघायला पैसे आपण देतो बाई. आपल्याला कोन देतंय?" असं ती म्हणाली.

आंबेडकर जयंतीच्या विशेषांकासाठी 'माझी नोकरी' या विषयावर लिही, असं गावातल्या मंडळानं सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. या अंकात दरवर्षी निवृत्त शिक्षक लिहितात, एसटीचे कंडक्टर लिहितात, दवाखान्यातल्या सिस्टर लिहितात. त्यांच्याजवळ आयुष्यभराचं काहीतरी असतं. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. आणि नोकरी म्हणाल तर नीट दोन वर्षंही झाली नाहीत, तोवर सुटली. पण ज्या कारणानं सुटली ते मला सांगायचं आहे, आणि हा अंक वाचणारे बहुतेक लोक आमच्याच भागातले आहेत. म्हणून लिहिते. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

अंबाजोगाईत एका मोबाईलच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं संतोषभैय्या बसतात. ते पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचे. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि त्यांचं काम आटलं. त्यांनी कुठून कुठून जुन्या सिनेमांच्या कॅसेटी मिळवल्या, हक्काचे कागद केले आणि इंटरनेटवर चॅनेल सुरू केलं. सगळे सिनेमे एकाच जातीचे, भुताचे पण विनोदी. कमी पैशात उरकलेले, माझ्या जन्माच्या आधीचे. इम्रान नावाचा मुलगा त्यातले तुकडे कापायचा आणि मी त्यांना सबटायटल द्यायची.

सबटायटल म्हणजे चित्राखाली येणाऱ्या अक्षरांच्या ओळी. मराठी सिनेमाला मराठीच ओळी कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण लोक आता आवाज बंद ठेवून बघतात. एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, वर्गात शेवटच्या बाकावर. त्यांच्यासाठी ते लिहायचं. माणूस बोलायच्या आधी ओळ आली तर विनोद मरतो, उशिरा आली तर बघणारा वैतागतो. आणि नुसतं बोलणं लिहून भागत नाही, आवाजही लिहावे लागतात. 'दार करकरतं.' 'घुबड ओरडतं.' 'हडळ हसते.' ही शेवटची ओळ मी इतक्यांदा लिहिली की 'हडळ' टाइप केलं की पुढचं 'हसते' कॉम्प्युटरच सुचवायचा.

या सिनेमांत भुताच्या मनगटावर घड्याळ दिसतं. हवेत तरंगणाऱ्या कंदिलाची दोरी दिसते. धूर इतका सोडलेला असतो की नायकच सापडत नाही. प्रत्येकात एक घाबरट माणूस असतो, नायकाचा मित्र, भूत दिसलं की धोतरात पाय अडकून पडणारा. लोकांनी त्याला हसावं आणि भुताला भ्यावं, असं बनवणाऱ्यांनी ठरवलं होतं. आता उलटं झालंय. त्या मित्राचे विनोद ऐकून कुणी हसत नाही, उलट त्याची कीव येते. भूत आलं की मात्र लोक हसतात. त्याच्या पांढऱ्या साडीला हसतात, चेहऱ्यावरच्या रंगाला हसतात. मला वाटतं ते गरिबीला हसतात, पण हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. मला एवढं सगळं कळतं असं कुणाला वाटायला नको, म्हणून मी तिथं कमीच बोलायची.

गिऱ्हाईक म्हणावं असं तिथं कुणी यायचं नाही, पण फोन यायचे. एकदा गेवराईकडच्या एका आजोबांचा आला.

"हॅलो, भुताचं हापिस का?"

"हो आजोबा, बोला."

"त्या पिच्चरात हिरोची गाडी वढनारा डावीकडला बैल आमचा हाय."

आजोबा पुढं म्हणाले, "लई गुनी बैल व्हता बाई. फोटू न्हाई त्याचा. मला तेवढा बैल पाठीव. भूत नगं."

इम्राननं माझ्या हातातून फोन घेतला. "दादाजान, भूत त्याच गाडीत बसलंय की."

"मंग त्याला खाली उतरीव."

इम्राननं तो बैल मोठा करून, भूत चौकटीबाहेर ढकलून, तेवढा तुकडा खरंच कापून दिला. दुसऱ्या दिवशी आजोबांचा पुन्हा फोन. नुसते रडले. त्यानंतर रोज इम्रान मला चहा आणताना म्हणायचा, "भूत नगं, बैल पाठीव."

या कामात मला एक विद्या मिळाली. या स्वस्त सिनेमांत शूटिंगच्या वेळी आवाज घेत नसत. मोठ्या नटांचे आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. ज्या गावात शूटिंग, तिथलेच लोक गर्दीत उभे करायचे, आणि त्यांना सांगायचे, नुसतं तोंड हलवा. आकडे म्हणा, म्हणजे तोंड हलत राहतं. त्यामुळं पडद्यावर गावकरी हातात काठ्या घेऊन ओरडतात, "मारा, हडळीला मारा!" आणि ओठ नीट बघितले तर ते म्हणत असतात, अकरा, बारा, तेरा. एका सिनेमात एक म्हातारी पन्नासपर्यंत गेली होती. मी आणि इम्रान असे लोक शोधायचो. आवाज बंद करून ओठ बघायची मला सवयच लागली.

आता माझ्या आत्याबद्दल सांगते. कौसाआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई-पप्पा दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. तेवढे महिने आम्हा भावंडांना आत्यानंच वाढवलं. आत्याचा डावा गाल, कान आणि मान जळलेली आहे. डावा डोळा पूर्ण मिटत नाही, झोपेतही थोडा उघडा राहतो. लग्नानंतर वर्षाच्या आत स्टोव्ह भडकला आणि ती माहेरी आली ती कायमची, एवढंच आम्हाला सांगितलेलं. शाळेत डबा द्यायला यायची तेव्हा ती फाटकाच्या आत यायची नाही. बाहेर लिंबाखाली उभी राहायची.

आत्यानं एका सिनेमात हडळीचं काम केलं होतं, हेही गावाला माहीत होतं. धर्मापुरीच्या जुन्या देवळापासून थोडं पुढं, ओढ्याकाठी शूटिंग झालं होतं. गावातली पोरं तिला बघून लांबून "हीहीही" करायची. बाप झालेली माणसंसुद्धा करायची. मी लहानपणी त्यावरून एकाचं डोकं फोडलंय. पण तो सिनेमा मी कधी बघितला नव्हता आणि आत्या त्याबद्दल एक अक्षर बोलायची नाही.

गेल्या पावसाळ्यात कॅसेटींचा एक नवा गठ्ठा आला आणि त्यात तो निघाला.

इम्रान तुकडे करत बसला होता. एकदम ओरडला, "इकडं ये, इकडं ये! काय चेहरा हाय! असा मेकअप मी आजवर बघितला न्हाई." त्यानं चित्र थांबवलं होतं. घाबरट मित्र काडी ओढतो आणि उजेडात समोर तोंड येतं. आत्या होती. विशीतली. उजवा गाल इतका सुंदर होता की मला आधी तोच दिसला.

"इम्रान, ती माझी आत्या आहे," मी म्हणाले. "आणि तो मेकअप नाही."

त्यानं माऊसवरचा हात काढला. खाली गेला आणि चहा घेऊन आला. बैलाचं वाक्य त्या दिवशी म्हणाला नाही.

संतोषभैय्यांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "तुझी आत्या? हयात हाय? अगं मग आधी सांगायचं! आपन मुलाखतच घेऊ. हडळीच्या घरी आपला कॅमेरा. लई चालंल बघ."

"नको भैय्या. तो तुकडा टाकूच नका."

ते वाईट माणूस नाहीत. माझी परीक्षा असली की सुट्टी द्यायचे, वर पुस्तकाला पैसे लागले का विचारायचे. ते शांतपणे म्हणाले, "हे बघ बाई, आजवर तू जेवढ्या हडळींखाली लिहिलंस, त्या बी कोनाच्या तरी आत्याच व्हत्या की. तवा तुला काय वाटलं न्हाई."

मी त्या तुकड्याखाली नेहमीची ओळ लिहिली.

तुकडा गेला आणि चालला. त्याखाली लोक लिहायचे, 'मेकअपवाल्याला धरून आणा.' 'तोंडावर मेणबत्ती वितळवली काय?' 'पाच रुपयांचं भूत.' माझ्या 'हडळ हसते' या ओळीसह तो सगळीकडं फिरत होता. मी तो पुन्हा पुन्हा बघायची. का, ते सांगता येणार नाही. एकदा आवाज बंद करून बघितला आणि मला ओठ दिसले.

हसताना ओठ मिटत नाहीत. करून बघा. 'हीहीही' म्हणताना तोंड उघडंच राहतं. प, ब, म म्हणायचं असेल तरच ओठ एकमेकांना लागतात. आत्याचे ओठ लागत होते. चालत पुढं येताना ती काहीतरी बोलत होती आणि तेच पुन्हा बोलत होती. ते आकडे नव्हते. आकडे म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा मला आता ओळखू यायचा, तो रिकामा असतो.

रविवारी गावी गेले. आत्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. पप्पा दारात बाजेची दोरी ओढत होते. मी आत्याजवळ बसले आणि विचारलं, "आत्या, पिच्चरमध्ये तू काय बोलत होतीस?"

तिचा हात सुपातच थांबला. "कोन म्हनलं मी बोलत व्हते?"

"तुझे ओठ दिसतात."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग सूप बाजूला सारून म्हणाली, "आवाज बंद कर आन् दाव."

मी दाखवलं. तिनं पहिल्यांदा नुसतं बघितलं. स्वतःचं तोंड बघून तिला काय वाटलं ते मला कळलं नाही. "आनिक लाव," म्हणाली. दुसऱ्यांदा तिनं ओठ हलवले. तिसऱ्यांदा आवाज काढला.

"आमच्या घरात स्टोव नव्हता. आमच्या घरात स्टोवच नव्हता. चिमणीतलं घासलेट वतलं. ह्यानं धरलं, सासूनं काडी लावली. आबा, तुमाला म्हाईत हाय."

अक्षर न् अक्षर ओठांवर बसत होतं. इतक्या वर्षांनी. मला वाटतं ती हे मनात रोज म्हणत असणार, नाहीतर असं जुळत नाही. 'ह्यानं' म्हणजे तिच्या नवऱ्यानं. आबा म्हणजे माझे आजोबा, तिचे वडील.

मग ती हळूहळू सांगत गेली. ओढ्यावर ती धुणं धूत होती. सिनेमावाल्यांचा मॅनेजर तिच्याकडं बघून मागं वळला आणि ओरडला, साहेब, हिला रंग लावायची गरज न्हाई. तिला सांगितलं, दुःखी बाईचं काम आहे. आबांनी होकार दिला.

"मशीन खर्र खर्र वाजत व्हतं," आत्या म्हणाली. "त्यो साहेब म्हनला, चालत ये, तोंड हालवीत ये. मी म्हनलं, काय म्हनू? म्हनला, मनात येईल ते म्हन. मी आनिक इचारलं, मनात येईल ते? म्हनला, व्हय, काय बी. मला वाटलं मशीन समदं घेतंय. दवाखान्यात जबाब घेनारा एकटाच व्हता, आन् सासू उशाशी बसलेली. आबा म्हनले, स्टोव भडकला म्हन, मागं दोन बहिनी हायत लग्नाच्या. म्हनले तसं. आन् हितं पडद्याव बोललं तर समद्या तालुक्याला ऐकू जाईल. मंग बोलले."

"आबांनी ऐकलं?"

"तिथंच उभे व्हते की. घरी येऊस्तर बोलले न्हाईत. पिच्चर जत्रंत येऊस्तर वरीस गेलं, वरीसभर त्यांच्या नरड्याखाली घास उतरत नव्हता. जत्रंत तंबू लागला तवा मीच म्हनले, चला आबा. म्होरं बसले मी. त्यांनाबी बसवलं. आन् माझं तोंड आलं, पडद्याएवढं, आन् त्याच्यातून निघालं हीहीही."

मी विचारलं, "लोक हसले?"

"लोक हसनारच की. आबा हसले. लई येळ हसले. फासावरनं उतरवल्यावानी."

पप्पांनी हातातली दोरी खाली टाकली. "कावून उकरायलीस हे?" ते मला म्हणाले. "आबा गेले. त्यो गेला, त्याची माय गेली. आता कोनाला फाशी देयाची हाय?"

"मी मेले न्हाई की," आत्या म्हणाली.

पप्पा उठून शेताकडं गेले. आत्यानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. थोडा वेळ निवडत राहिली, मग म्हणाली, "तू खाली अक्षरं लिव्हतीस ना? तिथं काय लिव्हलंस?"

मी सांगितलं, "हडळ हसते."

"पुसून टाक ते. मी म्हनले ते लिव्ह."

सोमवारी मी तो तुकडा काढला. 'हडळ हसते' पुसलं आणि तिची वाक्यं लिहिली. ओठ लागतात तिथं ओळ सुरू केली, ओठ थांबतात तिथं संपवली. माझ्या सगळ्या कामात मी इतकं नेमकं काम कधी केलं नव्हतं. आवाजाचं काही करता येत नव्हतं, कारण मूळ आवाज कुठं नव्हताच. वरून ते हीहीही तसंच राहिलं, खाली तिचं बोलणं. इम्राननं वाचलं. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "पक्कं?" मी म्हणाले, "पक्कं." त्यानं आधीचा तुकडा काढून हा चढवला. संतोषभैय्या सबटायटल वाचून बघत नसत.

मला काय वाटलं होतं ते लिहिताना लाज वाटते. मला वाटलं होतं, लोक गप्प होतील. निदान मेकअपबद्दल बोलायचे थांबतील.

तो तुकडा आधीच्यापेक्षा जास्त चालला. 'सबटायटलवाल्याला दंडवत.' 'स्टोव्ह नव्हता म्हणून हडळ झाली, गॅसची योजना आणा.' 'ओठ पण बरोबर जुळवलेत, काय डोकं आहे.' हे शेवटचं वाचून मी फोन पालथा ठेवला. माझी सगळी विद्या मी तिचं खरं बोलणं ओठांवर बसवायला वापरली होती, आणि ते इतकं चांगलं बसलं की लोकांना तो विनोदच वाटला.

पुढच्या आठवड्यात आमच्या वर्गात एका मुलाला मॅडमनी विचारलं, निबंध का आणला नाहीस. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या घरात स्टोव्ह नव्हता." पाठीमागून कुणीतरी हीहीही केलं. वर्ग हसला. मॅडमही हसल्या, त्यांनीही बघितला असणार. मी पहिल्या बाकावर होते. मला उठून सांगता आलं असतं. मी वही उघडून त्यात बघत बसले.

संतोषभैय्या खुश होते. "हे तुझं डोकं? मला आधी बोललीस का न्हाई? आता समद्या भुतांला असंच कर. भुताच्या मनातलं. आपन मालिकाच काढू."

मी त्यांना सगळं सांगितलं. कोण, कुठं, काय. ते ऐकत राहिले. त्यांचे डोळे ओले झालेले मी बघितले, हे खोटं सांगणार नाही. मग ते म्हणाले, "हे समदं खरं हाय?"

"खरं आहे."

"मंग असं करू," ते म्हणाले, "वर मोठ्या अक्षरात टाकू. सत्य घटनेवर आधारित."

मी खुर्ची आत सारली आणि जिना उतरले. पुन्हा गेले नाही. गेवराईच्या बैलाला भुताशिवाय काढून देता आलं. माझ्या आत्याला नाही काढता आलं. इम्रानचा फोन आला होता. म्हणाला, तू सांग, मी कुणाला न विचारता उडवतो, मग जे व्हायचं ते होऊ दे. मी म्हणाले, ते आत्या ठरवेल.

गावी गेले तेव्हा दोघं बहीण-भाऊ घरातच होते, पाऊस होता. आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. पप्पा भिंतीला टेकून बसले होते, बाबासाहेबांच्या फोटोखाली. आत्यानं मागं न बघताच विचारलं, "वाचलं का लोकांनी?"

"वाचलं."

"काय म्हनले?"

मी बसमध्ये खूप उत्तरं तयार केली होती. "हसले आत्या," मी म्हणाले.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "त्या टायमाला बी हसले," ती म्हणाली. "पर तवा माझं कोनी ऐकलंच नव्हतं. आता वाचून हसले, नव्हं?"

"हो."

"मंग ऱ्हाऊ दे. पुसू नगंस."

भाकरी फुगली. तिनं ती काढून चुलीच्या तोंडाशी उभी केली. तेवढ्यात पप्पा बोलले. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, कुणीतरी छातीवर बसल्यासारखं.

"मी गेलतो त्या घरी," ते म्हणाले. "दिवाळीला. हिला आनायला. लहान व्हतो मी. चुलीम्होरंच बसलो व्हतो. स्टोव न्हाई, काय न्हाई. चूलच व्हती."

आत्या वळली. तिचा तो न मिटणारा डोळा आणि दुसरा, दोन्ही पप्पांवर होते. तिच्या तोंडावर माया नव्हती.

"मला कावून सांगतूस?" ती म्हणाली. "मला म्हाईत न्हाई व्हय? त्यांला सांग की." आणि पिठाच्या हातानं माझ्या फोनकडं बोट केलं.

पप्पा चौथी शिकलेत. त्यांनी मला फोन दे म्हटलं. मी लिहून देते म्हणाले तर नको म्हणाले. एकेक अक्षर शोधत, मला विचारत, त्यांनी त्या तुकड्याखाली लिहिलं, 'मी तीचा भाऊ हाय. त्या घरी स्टोव नव्हता.' ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त केलं नाही. चांगला वेळ गेला त्यात. भाकरी गार झाल्या, आत्यानं कुणाला वाढलं नाही.

दिवाळीनंतर आई-पप्पा गाडीत बसून फडावर गेले. मी हल्ली दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात असते, दुसरं काम शोधते आहे. तो तुकडा मी बघत नाही. आत्याला विचारून, तिचं नाव न बदलता हे लिहिलं आहे. ती म्हणाली, नाव टाक, हितं तरी आवाज कोनी दुसरा घालायचा न्हाई.

हे लिहायला बसण्याआधी एकदाच उघडून बघितला. पप्पांच्या ओळीखाली कुणीतरी विचारलं होतं, 'मग काय होतं भाऊ त्या घरात?' पुढं हसणारी तोंडं काढली होती, एक ओळभर. आणि त्याच्याखाली, हिवाळ्यात, उसाच्या फडावरून, पप्पांनी स्वतः उत्तर दिलं होतं. मला विचारलं नव्हतं, कुणाला विचारून लिहिलं ते मला माहीत नाही.

'चुल होती. मी तीथं जेवलोय.'